गव्हर्नरच्या बंगल्यातलं विष

घोणशीचं विष थेट शिरेत टोचलं की प्रयोगाचं जनावर काही मिनिटांत मरे. कॅप्टन जॉर्ज लॅम्बने परळच्या प्रयोगशाळेत अशा जनावराची छाती उघडली, तेव्हा हृदयात आणि मोठ्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या झालेल्या होत्या. मात्रा कमी केली की नेमकं उलटं घडे. जनावर उशिरा मरे आणि त्याचं रक्त भांड्यात कितीही वेळ ठेवलं तरी गोठत नसे. एकाच सापाचं एकच विष रक्त गोठवत होतं आणि गोठू देतही नव्हतं. नागाच्या विषाने मरणारं जनावर आणखी निराळ्या वाटेने जाई. ते हळूहळू लुळं पडे, श्वास बंद होई आणि श्वास थांबल्यावरही हृदय थोडा वेळ चालत राही.

ही गोष्ट विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-चार वर्षांतली. दोन सापांच्या या दोन मरणांवरून लॅम्बने जे अनुमान काढलं, त्याने युरोपातल्या एका नामवंत शास्त्रज्ञाचा दावा मोडीत निघाला. सापाचं विष ज्या जातीचं, त्याच जातीवरचा उतारा त्याला लागतो, असं लॅम्ब सांगत होता. सव्वाशे वर्षं होत आली, तरी तो धडा आपल्या दवाखान्यांपर्यंत पुरता पोचलेला नाही. म्हणूनच परळच्या या विषाची हकिगत सविस्तर सांगावीशी वाटते.

लॅम्बची प्रयोगशाळा म्हणजे आजचं हाफकिन. केईएमकडून आचार्य दोंदे मार्गाने जाताना झाडांआड जी जुनी वास्तू दिसते, तिने मुंबईचे सगळे धनी पाहिलेत. पोर्तुगीजांच्या काळात इथे पाद्र्यांचा मठ होता. अठराव्या शतकात इंग्रजांनी तो ताब्यात घेतला आणि पुढे गव्हर्नरचा मुक्काम इथे आला. बंगल्याभोवती बागा होत्या, मेजवान्या झडत होत्या. १८८०च्या दशकाच्या आरंभी गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या पत्नीचा इथे कॉलऱ्याने मृत्यू झाला. त्यानंतर गव्हर्नरांनी परळ सोडलं आणि मलबार हिलचा समुद्रवारा पत्करला. भोवती गिरण्यांची धुराडी उभी राहत होती, चाळी दाटत होत्या, आणि बंगला रिकामा पडला होता.

१८९६ साली मांडवीत प्लेग उमटला. कलकत्त्याहून वाल्डेमार हाफकिन यांना बोलावून घेतलं गेलं. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात मिळालेल्या अपुऱ्या जागेत त्यांनी तीन महिन्यांत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. लशीची मागणी वाढली तशी जागा पुरेना. १० ऑगस्ट १८९९ रोजी प्लेग संशोधन प्रयोगशाळा परळच्या त्या रिकाम्या बंगल्यात आली. १९०६ साली तिचं नाव बॉम्बे बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी झालं आणि १९२५ साली हाफकिन इन्स्टिट्यूट.

प्लेगच्या घरात साप कसे शिरले, हा प्रश्न कुणाच्याही मनात येईल. त्या काळी लस आणि प्रतिविष यांच्या मुळाशी एकच नवी विद्या होती. शरीराला शत्रूची ओळख थोड्या मात्रेत करून दिली, की शरीर स्वतःच त्याच्यावर तोड तयार करतं. ही विद्या जाणणारी माणसं, प्रयोगाची जनावरं, काचसामान आणि सरकारी पैसा, हे सगळं प्लेगमुळे परळला एका जागी जमलं होतं. आणि दारात सापांचा प्रश्न तर होताच.

तो किती मोठा होता, याचा पहिला धडपणे केलेला हिशेब कलकत्त्याच्या डॉ. जोसेफ फेररचा. १८६९ या एका वर्षातल्या ११,४१६ सर्पदंश-मृत्यूंची नोंद त्याने गोळा केली, आणि तीही साऱ्या देशाची नव्हे. १८७२ साली त्याने विषारी सापांवरचा आपला मोठा सचित्र ग्रंथ काढला. त्यासाठी त्याने त्या काळी सांगितले जाणारे बहुतेक उतारे प्रयोगाला लावून पाहिले होते. एकही खरा ठरला नाही. आपल्याकडच्या गावांत याच वर्षांत काय चाललं होतं, ते आजही म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडून ऐकायला मिळतं. कुणाला पान लागलं की आधी भगताला सांगावा जाई. कडुनिंबाचा पाला चावायला देत आणि कडू लागला नाही तर विष चढलं असं समजत. जखमेला कोंबडीची पिल्लं लावत. हातपाय आवळून बांधत, ते इतके की कधी कधी विषापेक्षा त्या बंधानेच अवयव जाई. बहुतेक साप बिनविषारी असतात आणि विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असं नाही. त्यामुळे भगताच्या हातून पुष्कळ माणसं 'उठत' आणि त्याचं नाव होई. त्या बिचाऱ्या माणसांना दोष देण्यात अर्थ नाही. डॉक्टरकडेही तेव्हा काहीच नव्हतं.

सरकारचा उपाय वेगळा होता. साप मारा आणि इनाम न्या. रत्नागिरी जिल्ह्यात जांभ्याच्या सड्यावर, दगडाखाली, गवताच्या भाऱ्यात फुरशी इतकी, की इनाम लागल्यावर सहा वर्षं दर वर्षी सरासरी दोन लाखांवर फुरशी मारून आणली गेली. हा आकडा व्हिडाल नावाच्या सनदी अधिकाऱ्याने नोंदवून ठेवला आणि बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात छापला. एवढी मारूनही फुरशी संपली नाहीत. हात-दीड हाताचं हे जनावर, अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून खरखर आवाज करणारं, अनवाणी पायाला आणि गवत कापणाऱ्या हाताला डसत राहिलं. परळ-लालबागच्या गिरण्यांत जी माणसं भरती होत होती, त्यांतली किती तरी याच सड्यांवरून आलेली होती. गणपतीला, शिमग्याला, लावणी-कापणीला ती परत त्याच वाटांनी जात.

मुंबईत सापांचा शास्त्रीय अभ्यास परळच्याही आधी फोर्टात सुरू झाला होता. १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ जणांनी मिळून नॅचरल हिस्ट्री सोसायटी काढली. तिच्या आरंभीच्या मंडळींतले हर्बर्ट फिप्सन हे दारूचे व्यापारी. त्यांच्या कचेरीतच सोसायटीने बस्तान मांडलं. त्यांना सापांचा नाद होता आणि इलाख्यातल्या विषारी सापांवर त्यांनी लेख लिहिला. पुढे फ्रँक वॉल या लष्करी डॉक्टरने सोसायटीच्या नियतकालिकात भारतीय सापांवरची लांबलचक लेखमाला चालवली. साप ओळखायचा तो खवल्यांवरून, रंगावरून नव्हे, ही शिस्त वॉलने घालून दिली. मण्यारीच्या पाठीच्या मध्यावर षट्‌कोनी मोठ्या खवल्यांची रांग असते, नागाला ती नसते. मेलेला साप हातात घेऊन दवाखान्यात धावत आलेल्या माणसासाठी ही ओळख जीवनमरणाची होती. कोणता साप, हे कळलं नाही तर पुढचं सगळं अंधारात.

आता लॅम्बने ज्याचा दावा खोडला, त्याच्याकडे वळू. आल्बेर काल्मेत हा पाश्चरचा शिष्य १८९१ साली सायगावला पाश्चर संस्थेची शाखा उघडायला गेला. त्याच वर्षी मेकाँगच्या मुखाकडल्या बाक-लिएउ गावात पुरामुळे नाग घरांत शिरले आणि अनेकांना चावले. त्यातले काही नाग काल्मेतकडे आले आणि त्याला कामाची दिशा मिळाली. नागाचं विष अगदी थोडं, मग वाढत्या मात्रेने टोचत गेलं, तर जनावर ते पचवायला शिकतं, आणि त्याच्या रक्तातला द्रव, म्हणजे सीरम, दुसऱ्या जनावराला वाचवतो, हे त्याने दाखवलं. १८९५च्या सुमारास तो फ्रान्समधल्या लीलला गेला आणि घोड्यांपासून हे सीरम मोठ्या प्रमाणावर करू लागला. शोध खराच होता आणि त्याने वैद्यकाची दिशा बदलली. पण काल्मेतने पुढे असंही मानलं, की नागावरचं हे सीरम सगळ्या विषारी सापांवर चालेल. लीलच्या बाटल्या जहाजांनी वसाहतींत जाऊ लागल्या आणि मुंबईलाही पोचल्या.

परळला त्या बाटल्या उघडून तपासण्याचं काम लॅम्ब आणि त्याचा सहकारी विल्यम हॅना यांनी हाती घेतलं. शुद्ध नागविषाची ठरावीक मात्रा घ्यायची, तिच्यात मोजलेलं सीरम मिसळायचं, मिश्रण जनावराला टोचायचं, आणि किती सीरमने किती विष निकामी होतं ते लिहून काढायचं. १९०२ साली छापलेल्या त्यांच्या अहवालात पहिली वाईट बातमी होती. भारतातल्या उष्म्यात ठेवलेलं सीरम हळूहळू आपला जोर गमावतं. फ्रान्समध्ये भरताना बाटलीची जी ताकद असे, ती परळच्या उन्हाळ्यानंतर उरत नसे. दुसरी बातमी त्याहून मोठी होती. १९०३ आणि १९०४ साली लॅम्बने दोन टिपणं काढली. नागाचं सीरम नागाच्या विषावर चालतं. घोणशीच्या विषावर ते काही करत नाही. रक्त गोठवणारं विष आणि श्वास थांबवणारं विष ही मुळातच वेगळी द्रव्यं आहेत आणि एकावरचा उतारा दुसऱ्याला ओळखतच नाही, हे त्याने स्वच्छ लिहिलं.

ऑस्ट्रेलियात चार्ल्स मार्टिन याच निष्कर्षाला पोचला होता. तिथल्या टायगर स्नेकवर काल्मेतचं सीरम त्यालाही पुरं पडलं नव्हतं, आणि तिथल्या एका सापाच्या विषाने शिरांत रक्त गोठतं हेही त्याने आधीच दाखवलं होतं. १९०५ साली प्लेगचा छडा लावण्यासाठी जो आयोग नेमला गेला, त्याच्या कामाची सूत्रं मार्टिनकडे होती आणि परळला प्रत्यक्ष काम चालवणाऱ्यांत लॅम्ब होता. सापाच्या विषावर जगात ज्यांनी सर्वांत नेमकं काम केलं होतं, त्यांतले दोघे उंदीर आणि पिसवा मोजायला परळच्या एकाच बंगल्यात आले, हा योगायोग मला फार महत्त्वाचा वाटतो. प्लेग उंदरावरच्या पिसवेने पसरतो, हे त्या आयोगाने पक्कं केलं आणि इतिहासाने तेवढंच लक्षात ठेवलं. विषाचं काम मागे पडलं.

लॅम्बने परिणाम पाहिला होता. कारण सांगायला पुढची साठ-सत्तर वर्षं लागली. विष म्हणजे सापाची लाळच. लाळग्रंथींपासून उत्क्रांत झालेल्या ग्रंथीत ते बनतं आणि पोकळ दातातून भक्ष्याच्या अंगात जातं. सापाला हात नाहीत, पाय नाहीत, चावून तुकडे करण्याजोगे दात नाहीत. पाय झाडणारा उंदीर आपल्याला इजा करण्याआधी निपचित पडला पाहिजे, ही त्याची गरज. घोणशीचे दात लांब, दीड सेंटिमीटरपर्यंत वाढणारे. तोंड मिटलं की ते टाळूला समांतर दुमडून बसतात आणि झेप घेताना बिजागरीवर पुढे येतात, म्हणून ती खोलवर विष सोडू शकते. नागाचे दात आखूड आणि जागच्या जागी रोवलेले. तो पकड धरून ठेवतो. मण्यारीचे तर इतके बारीक, की रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावलेलं कळतही नाही. पहाटे पोटात दुखू लागतं, पापण्या जड होतात, गिळता येत नाही, आणि घरच्यांना वाटतं काही तरी खाण्यात आलं.

नागाच्या विषातले साठ-सत्तर अमिनो आम्लांचे छोटे रेणू मज्जातंतू जिथे स्नायूला भेटतो तिथे जाऊन बसतात. मज्जातंतूकडून येणारं ॲसिटिलकोलीन ज्या जागी पोचायला हवं, ती जागा ते अडवून ठेवतात. हुकूम येतो, स्नायूला मिळत नाही, छातीचा भाता थांबतो. मण्यारीचं विष त्याच सांध्यावर, पण मज्जातंतूच्या बाजूने घाव घालतं. हुकूम पाठवणारं टोकच निकामी करतं. म्हणून नागदंशात निओस्टिग्मिनचं इंजेक्शन बऱ्याचदा उपयोगी पडतं, मण्यारीच्या दंशात ते फारसं लागू पडत नाही आणि रुग्णाला कित्येक दिवस व्हेंटिलेटरवर ठेवावं लागतं.

घोणस आणि फुरसं रक्ताकडे जातात. रक्त गोठणं ही एकामागून एक जागे होणाऱ्या प्रथिनांची साखळी आहे. घोणशीच्या विषातलं एक विकर या साखळीतला दहावा घटक कापून जागा करतं, दुसरं पाचव्याला. फुरशाचं विष साखळीत आणखी खाली उतरून थेट प्रोथ्रॉम्बिनवर काम करतं. विष भरपूर आणि एकदम शिरेत गेलं तर रक्त जागीच गोठतं. थोडं थोडं पसरत गेलं तर सूक्ष्म गुठळ्या होत राहतात, विरघळत राहतात आणि गोठण्यासाठी लागणारं फायब्रिनोजेन संपून जातं. मग हिरड्यांतून, लघवीतून, जुन्या जखमेतून रक्त वाहतं आणि थांबत नाही. लॅम्बच्या टेबलावरच्या दोन उलट्या निकालांचं उत्तर हे होतं. १९३४ साली लंडनमध्ये मॅकफार्लेन आणि बार्नेट यांनी याच घोणशीचं विष अगदी पातळ करून हिमोफिलियाच्या रुग्णांच्या जखमांवर लावलं आणि वाहतं रक्त थांबवलं. रक्तगोठणीच्या काही तपासण्यांत ते आजही वापरतात. फुरशाच्या विषातल्या एका प्रथिनाच्या आकारावरून टिरोफिबान हे हृदयविकारावरचं औषध घडवलं गेलं.

लॅम्बनंतर विषाचं केंद्र हिमालयातल्या कसौलीला गेलं. तिथल्या संस्थेने नाग आणि घोणस या दोघांवर चालणारं सीरम बनवलं आणि कित्येक वर्षं देशाला तेच मिळत होतं. त्यात फुरसं नव्हतं, मण्यार नव्हती. म्हणजे ज्या रत्नागिरीत वर्षाला दोन लाख फुरशी मारली गेली होती, तिथल्या दंशावर कसौलीची बाटली असूनही नसल्यासारखी.

ही उणीव परळने भरून काढली. १९३२ साली ले. कर्नल साहिबसिंग सोखी हाफकिनचे पहिले भारतीय संचालक झाले आणि १९४९पर्यंत त्यांनी संस्थेला औषधनिर्मितीचं मोठं केंद्र बनवलं. स्वातंत्र्याच्या आगेमागे परळला प्रतिविषाचं काम उभं राहिलं आणि पुढे नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकत्र चालणारं सीरम, गोठवून सुकवलेल्या पुडीच्या रूपात, इथून जाऊ लागलं. ही पूड उन्हाळ्यात टिके आणि ऐन वेळी पाण्यात विरघळवून शिरेत देता येई. लॅम्बच्या पहिल्या तक्रारीला, उष्म्यात ताकद गमावणाऱ्या बाटलीला, हे उत्तर मिळालं होतं.

या काळातलं परळचं सापघर डॉ. पी. जे. देवरस यांच्या नावाशी जोडलेलं आहे. त्यांचं 'स्नेक्स ऑफ इंडिया' १९६५ साली नॅशनल बुक ट्रस्टने काढलं आणि एक पिढी त्यावरून साप ओळखायला शिकली. गारुडी, आदिवासी, हौशी सर्पमित्र, सगळे परळला साप घेऊन येत. पुढे पुण्यात कात्रजचं सर्पोद्यान उभं करणारे नीलिमकुमार खैरे माथेरानला नोकरीला असताना पकडलेले साप हाफकिनला पोचवत. साप सतत लागत, कारण पिंजऱ्यात ते टिकत नसत. साप स्वतःची उष्णता स्वतः तयार करत नाही. ऊन आणि सावली यांच्यात सरकत राहून तो शरीराचं तापमान राखतो आणि त्याच्यावरच त्याचं पचन, भूक आणि विषाची भरती अवलंबून असते. कैदेत तो खात नाही, खाल्लेलं ओकतो, रोगाला बळी पडतो.

विष काढण्याचं काम पाहताना माणूस श्वास धरून उभा राहतो. एक जण आकडीने साप टेबलावर घेतो, डोकं अलगद दाबून मानेमागे अंगठा आणि दोन बोटांत पकडतो. समोर काचेचं भांडं, त्याच्या तोंडावर ताणून बांधलेलं पातळ आवरण. साप त्याला चावतो, दात आरपार जातात, डोळ्यांमागच्या ग्रंथींवर बोटांचा हलका दाब पडतो आणि काचेवरून थेंब ओघळतात. नागाचं विष दाट आणि बहुधा पिवळसर. हा पिवळेपणा त्यातल्या एका विकराला चिकटलेल्या फ्लेविनचा, ब जीवनसत्त्वाच्या कुळातल्या द्रव्याचा. मण्यारीचं पांढरं, आणि इतकं थोडं की ते थेंबाथेंबाने जमवावं लागतं. निर्वात भांड्यात सुकवलं की विषाचे चमकदार कण होतात. काळोखात आणि थंडीत ते वर्षानुवर्षं टिकतात.

मग घोड्याची पाळी. अगदी सूक्ष्म मात्रेपासून सुरुवात करून काही महिन्यांत घोडा माणूस मारेल एवढं विष सहज झेलू लागतो. त्याचं रक्त घेऊन प्लाझ्मा वेगळा काढतात आणि तांबड्या पेशी त्याला परत देतात. त्या प्लाझ्मातली प्रतिपिंडं बेचकीच्या आकाराची असतात. विषाला धरतात ती बेचकीची दोन टोकं. दांडा काही कामाचा नाही, उलट माणसाच्या अंगावर रिॲक्शन उठवणारा. म्हणून पेप्सिनने तो कापून टाकतात. १९७५ साली हाफकिनचं उत्पादन वेगळ्या सरकारी महामंडळाकडे गेलं, संशोधन आणि तपासणी मूळ संस्थेकडे राहिली. घोड्यांचा तबेला पुण्याजवळ पिंपरीला आहे.

हे सगळं शेवटी एका कुपीत येतं आणि तिथला हिशेब प्रत्येक डॉक्टरला पाठ असतो. १० मिलिलिटरची एक कुपी नागाचं किंवा घोणशीचं ६ मिलिग्रॅम विष निकामी करते, मण्यारीचं किंवा फुरशाचं साडेचार. घोणस एका दंशात सरासरी ६३ मिलिग्रॅम विष सोडते. म्हणून सुरुवातच आठ-दहा कुप्यांनी. लहान मुलालाही तेवढ्याच द्यायच्या, कारण मूल लहान म्हणून साप कमी विष सोडत नाही. पुढच्या कुप्या द्यायच्या की नाहीत, हे एक साधी काचेची नळी सांगते. रुग्णाचं थोडं रक्त कोरड्या, स्वच्छ नळीत घेऊन २० मिनिटं हलवायचं नाही. मग नळी तिरकी करायची. रक्त वाहिलं तर विष अजून काम करतंय. वीज नसलेल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही ही चाचणी होते.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने साप पकडण्यावर बंधनं आली. कायदा हवाच होता. सापाच्या कातड्यांचा व्यापार भयंकर वाढला होता. पण परळच्या दारात येणारे सापही त्यामुळे आटले. १९७८ साली रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने तामिळनाडूत इरुळा सापवाल्यांची सहकारी संस्था उभी राहिली. ते सरकारी परवान्याने साप पकडतात, तीन-चार आठवडे ठेवतात, आठवड्याला एकदा विष काढतात आणि साप सोडून देतात. सापाच्या जिवाला आणि इरुळांच्या पोटाला, दोन्हींना धरून चालणारी ही पद्धत मला मनापासून आवडते. मात्र देशातल्या प्रतिविषाचं बहुतेक सगळं विष चेन्नईच्या आसपासच्या एक-दोन जिल्ह्यांतूनच येऊ लागलं. लॅम्बने दाखवून दिलेली गोष्ट इथे पुन्हा डोकं वर काढते.

कारण जात एक असली तरी विष एक नसतं. साप काय खातो, किती वाढलेला आहे, कुठल्या मुलखात आहे, त्याप्रमाणे विषातली द्रव्यं आणि त्यांचं प्रमाण बदलतं. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत कार्तिक सुनगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९पासून देशाच्या वेगवेगळ्या भागांतल्या सापांचं विष तपासलं. बाजारातली प्रतिविषं काही मुलखांतल्या सापांपुढे फार तोकडी पडतात, असं त्यांना आढळलं. चौघांबाहेरच्या सापांचं तर नावच नको. सह्याद्रीच्या झाडीत, अगदी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातही सापडणारा चापडा चावला, तर त्यावर चालणारं भारतीय प्रतिविष आज उपलब्ध नाही. सुदैवाने तो जीव घेईल असा प्रसंग क्वचित येतो, पण हात सुजून काळानिळा पडलेल्या माणसाला 'क्वचित' हा शब्द पुरत नाही.

२००० ते २०१९ या २० वर्षांत भारतात सर्पदंशाने अंदाजे १२ लाख माणसं गेली, वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक खेड्यातली, शेतात राबणारी. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतलं. २०२४ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय कृती आराखडा काढला. २०३०पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे आहेत. ते होण्यासाठी प्रत्येक तालुक्यात कुप्या, व्हेंटिलेटर आणि दंशाच्या पहिल्या तासात निर्णय घेऊ शकणारा डॉक्टर लागेल. आणि महाराष्ट्राच्या कुपीत महाराष्ट्राच्या सापाचं विष लागेल. रत्नागिरीच्या सड्यावरचं फुरसं, विदर्भातली मण्यार, उसाच्या फडातली घोणस, यांचं विष तिथेच, परवान्याने, साप जिवंत सोडून गोळा करता येईल. इरुळांनी ते चार दशकं करून दाखवलं आहे. विष सुकवून ठेवण्याची आणि त्याची ताकद मोजण्याची विद्या परळला लॅम्बच्या दिवसांपासून आहे, घोडे पिंपरीला आहेत. वनखात्याचे परवाने, विष गोळा करायला शिकवलेली माणसं आणि दर वर्षी न चुकता मिळणारा निधी, एवढ्यावर हे काम अडलेलं आहे.